खांब आत्याबाईंचे, तुळई माझी

आमच्या डोणगावात उकंडराव मिस्त्रींची एक रीत होती. कुणाचं घर बांधायला घेतलं की ते घरधन्याला काही विचारायचेच नाहीत. घरातल्या बाईला समोर बसवायचे, उजवा हात पुढं करायला सांगायचे, आणि कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत निंबाची काडी धरून ती तिथंच कापायचे. त्या काडीला ते 'हात' म्हणत. मग त्या घरातलं सगळं त्या हातानं. खांब किती हात उंच, दोन खांबांत किती हातांचं अंतर, चूल भिंतीपासून किती हात. कुणा पुरुषानं नाक मुरडलं की म्हणायचे, "तू घरात करते काय बापा? जेवाले येते अन् झोपाले येते. वावरते ते बाई. घर तिच्या अंगाले बसलं पाह्यजे, चोळीवानी."

चोळीचं नाव निघालं की पुरुष पुढं बोलत नसत.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. मोतीराम कापडवाल्याच्या दुकानात शिक्क्याचा लोखंडी मीटर आला होता आणि मोतीरामभाऊ कापड सोडून भेटेल ते मोजत सुटले होते, म्हशीच्या शेपटीपर्यंत. उकंडरावांनाही त्यांनी गाठलं. म्हणे, आता हात-बीत सोडा, मीटरनं घरं बांधा. उकंडरावांनी मीटर उलटा केला, सुलटा केला.

"हा कोणाचा हात?"

"सरकारचा."

"मंग यानं बांधलेल्या घरात सरकारनंच राहावं."

माझ्या सासूला, मंजुळाबाईंना, मी आत्याबाई म्हणायची. अंगानं इतक्या लहान की बाजाराच्या गर्दीत त्यांना शोधायचं तर त्यांच्या डोक्यावरची टोपली शोधावी लागे. त्या लग्न होऊन आल्या ते थोरल्या दिरांच्या, म्हणजे जेठांच्या, मोठ्या घरात. ते घर त्यांच्या आजेसासूच्या हाताचं, आणि आजेसासू म्हणजे शिंदीचं झाड. मीठ घ्यायचं तर टाचा उंच. खुंटीवरचं सूप काढायचं तर टाचा उंच. देवाला दिवा लावायचा तर देवाआधी टाचांना नमस्कार. मी सून म्हणून त्या घरात आले तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं, आपली सासू मोठी ठुमकत चालणारी आहे. मग कळलं, बाई उभा जन्म चवड्यांवर काढते आहे.

पुढं वाटण्या झाल्या. जेठांना ते घर गेलं, आमच्या वाट्याला गावाच्या कडेची गोठ्याची मोकळी जागा आली. आत्याबाईंनी त्या दिवशी शिरा केला. आत्याबाईंच्या मोठ्या जाऊबाई, तानाबाई त्यांचं नाव, वाटी हातात घेऊन म्हणाल्या, "मंजुळे, गोठा भेटला म्हून गोड करून राह्यली का व?"

आत्याबाईंनी त्यांच्या वाटीत आणखी एक चमचा शिरा घातला. रात्री भांडी घासताना मला हळूच म्हणाल्या, "कोकिळे, आता उकंडराव माहा हात मोजन."

त्यांना दुसरं काही नको होतं. दागिना नको, काशी नको. आपल्या हाताचं एक घर.

आणि मोजला की उकंडरावांनी! आत्याबाई न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून बसल्या होत्या, जशी काही सोयरीक जमते आहे. काडी कापून झाली तेव्हा ती एवढीशी दिसली की मला हसू आलं. उकंडरावांना नाही आलं. त्यांनी ती पागोट्यात खोचली. काम संपेपर्यंत ती तिथून हलायची नाही, त्यांच्या बायकोनंसुद्धा हात लावायचा नाही.

आता आमचे हे. उत्तमराव. मायलेकांकडं पाहून कुणी म्हणणार नाही की हा त्या माउलीच्या पोटचा. वर कुठं पऱ्हाटीच्या गंजीला टेकल्यासारखं डोकं, दारातून आधी गुडघे आत येणार, मग बाकीचे उत्तमराव. ती काडी पाहून ह्यांचा चेहरा उतरला. दोन दिवस कपाळ चोळत हिंडले. घर झालं नव्हतं, तरी आधीच लागत होतं.

तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते. हे सुतळी घेऊन आले.

"हात पुढं कर."

"काऊन?"

"कर म्हटलं ना. त्यात विचाराचं काय?"

माझा हात पिठानं भरलेला. कोपरापासून बोटापर्यंत सुतळी धरली, गाठ मारली, आणि गेले. माझे हात लांब आहेत. माहेरी विहिरीतली घागर मी वाकून काढते म्हणून चिडवायचे. आता कोपरापर्यंतचं माप घेऊन नवरा जातो म्हटल्यावर बाईनं काय समजावं? मी समजले, पाटल्या. हातभर पाटल्या. त्या दिवशी भाकऱ्या जरा जास्तच गोल झाल्या आणि ह्यांच्या ताटात लोण्याचा गोळाही जरा मोठाच पडला. ह्यांनी तो खाऊनही घेतला.

ती सुतळी गेली सहदेवकडं. सहदेव म्हणजे उकंडरावांचा पुतण्या आणि आमच्या ह्यांचा लहानपणापासूनचा मैतर. काम दोघा काका-पुतण्यांनी वाटून घेतलं होतं. आमच्या बांधावरचे निंब कापून आणले होते, त्यांचे खांब उकंडराव आपल्या अंगणात तासत. सागाच्या तुळया मेहकरहून गाडीनं आल्या होत्या, त्या जड म्हणून आमच्याच जागेवर पडल्या, आणि त्यांच्यात खाचा पाडायला सहदेव तिथं बसला.

आमच्याकडं धाब्याची घरं. खांबावर आडवी तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि वर पांढरी माती. सगळा भार खांबाच्या माथ्यावर. म्हणून माथ्यावर लाकडाची एक जीभ ठेवतात आणि तुळईच्या पोटात तेवढीच खाच पाडतात. जीभ खाचेत गेली की वादळ येवो, मामलेदार येवो, तुळई हलत नाही. सहदेवचं खाच पाडणं पाहत बसावं असं होतं. गेरूत भिजवलेला दोरा तुळईवर ताणायचा, टिचकी मारायचा, लाकडावर लाल रेघ उमटायची. मग पटाशी आणि ठोकणं. टक टक टक. खाच झाली की आतून बोट फिरवायचा, लेकराच्या तोंडात दात आला का पाहावा तसं. मी खाली पडलेल्या ढलप्या चुलीसाठी ओच्यात भरून न्यायची आणि मनात पाटल्यांची नक्षी ठरवायची.

ह्यांनी सहदेवला सांगितलं होतं, मायची काडी वाळून वाकडी झाली, हे नवीन माप. सहदेवनं मैतराचं ऐकलं आणि सुतळीच्या मापाची काठी कापून घेतली. ह्यांचा बेत असा की उकंडरावांच्या पागोट्यातली काडीही अशीच बदलून टाकायची. मग खांबही उंच, घरही ऐसपैस, आणि मायला कळणार कशानं? पण पागोटं काही डोक्यावरून उतरेना. मिस्त्री झोपत पागोट्यात, जेवत पागोट्यात. ह्यांनी एकदा नदीवर पाळत ठेवली. मिस्त्रींनी पागोटं सोडलं आणि काडी दातांत धरून अंघोळ केली.

असं अर्धं घर एका हातानं झालं आणि अर्धं दुसऱ्यानं.

तुळई चढवायचा दिवस आला. गहू घरात आला होता, माणसं मोकळी होती, अर्धं गाव गोळा झालं. दगडांवर खांब उभे, बाजूंनी टेके दिलेले. पहिल्या खांबाला हळदकुंकू लावून आत्याबाईंनी खण बांधला. खांब त्यांच्या बेताचे, तर खणही त्यांच्या हाताला बरोबर पोचला. त्या दोन पावलं मागं सरकल्या आणि त्या गाठीकडं पाहत राहिल्या. मी एका बाजूला गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत होते, शेजारी वांग्यांची भाजी रटरटत होती, आणि धुरातही मला आत्याबाईंचं तोंड दिसत होतं. लग्नात नवरी रडते ना, तसं हसत होत्या.

"बोला, बजरंगबली की!"

"जय!"

तुळई खांद्यांवर चढली. पहिली खाच पहिल्या खांबावर आली, खाली उतरली, आतमध्ये जीभ बसल्याचा आवाज झाला. बायांनी गाणं धरलं. उकंडराव मधल्या खांबाकडं वळले आणि तिथंच थांबले. खाच खांबाच्या पुढं निघून गेली होती. तिसऱ्या खांबाची खाच तर पार दुसऱ्या गावाला निघाली होती. मधल्या खांबाची जीभ कोऱ्या लाकडाला टेकून उभी होती.

गाणं अर्ध्यावर तुटलं.

"मिस्त्री, काय ते लवकर सांगा," खालून कुणीतरी ओरडलं, "खांदे आमचे हायेत, सागाचे नाही!"

तुळई खाली उतरवली. उकंडरावांनी पागोट्यातून काडी काढली, खांबांमध्ये लावली. बरोबर. तीच खाचांमध्ये लावली. चूक. त्यांनी काहीच आवाज न चढवता विचारलं, "सहदेव्या, तुही काठी कोठी हाय?"

सहदेवनं काठी आणून दिली. दोन्ही शेजारी धरल्या. एक दुसरीपेक्षा चार बोटं लांब.

"हा कोणाचा हात बे?"

सहदेवनं ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी आभाळाकडं पाहिलं, जसं काही वर ह्यांची ज्वारी पेरलेली आहे. तेवढ्यात तानाबाई पुढं आल्या. त्यांची नजर म्हणजे घारीची. त्यांनी माझा भाजीचा हात धरला, काठी कोपराला लावली, आणि ती बोटाच्या टोकाला अशी नेमकी येऊन थांबली की सगळ्यांना एकदमच कळलं.

माझ्या पाटल्या तिथंच आरात पडून वितळल्या.

"घ्या!" तानाबाई म्हणाल्या. "सासूचे पाय अन् सुनेचे हात. असं घर आजलग पाह्यलं नव्हतं माय म्या!"

गाव हसलं. मीही हसले, दुसरं करणार काय? आत्याबाई मात्र लेकाकडं गेल्या. त्यांचं डोकं ह्यांच्या बंडीच्या दुसऱ्या गुंडीला लागत होतं.

"उत्तम, हे काऊन केलं?"

"माय, म्या तुह्या भल्यासाठीच..."

"माह्या भल्यासाठी का तुह्या कपाळासाठी?"

ह्यांचा हात आपोआप कपाळावर गेला.

मग पुरुष मंडळी बसली विचाराला. विचार म्हणजे प्रत्येकानं दुसऱ्याच्या वरचढ बोलायचं. पण सगळ्यांचा सूर एकच निघाला: सागाच्या तुळया, त्यांच्यात पाडलेल्या खाचा, त्या वाया का घालवायच्या? खांब उपटून लांब लांब रोवा, खाली उंच दगड द्या. घर ऐसपैस होईल. मोतीरामभाऊंनी मीटर फिरवून किती ऐसपैस ते दाखवलंही. "नुकसान काहीच नाही वहिनी, उलट फायदाच हाय," ते आत्याबाईंना म्हणाले.

आणि खरंच, त्यात चुकीचं काय होतं? मोठं घर कुणाला नको?

आत्याबाईंनी सगळ्यांकडं एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "हाव. बरोबर हाय. लांब रोवा. पुढं चालून घर तर कोकिळेचंच हाय." असं म्हणून त्या पहिल्या खांबाजवळ गेल्या आणि मघाशी बांधलेला खण सोडायला लागल्या. खांब आता हलणार होता ना. गाठ त्यांच्या नाकासमोर होती. पण मी पाहिलं, ती सोडताना त्यांच्या टाचा वर उचलल्या गेल्या होत्या. गरज नव्हती. पायांना आधीच समजलं होतं, पुन्हा कसं जगायचं ते.

माझ्या हातातला रोडगा आरात पडला.

मी सून. गावच्या मंडळींपुढं, डोक्यावरचा पदर डोळ्यांपर्यंत. पण माझा आवाज असा आहे की नाव कोकिळा ठेवणाऱ्यानं मला आधी ऐकायला हवं होतं. तो निघाला तसा मैदानभर गेला.

"मिस्त्रीमामा, माहा हात मले वापस द्या!"

सगळे वळले. उकंडरावांनी दोन्ही काठ्या छातीशी धरल्या.

"काय म्हणतं पोरी?"

"तुम्ही हात मोजता तर बाईले बसवून, विचारून मोजता ना? मले कोणी विचारलं? भाकऱ्या थापता थापता सुतळी लावून नेली. म्या देल्ला नाही माहा हात. माह्या हाताचं घर मले नोको."

"अव पण..." हे म्हणाले.

"तुम्ही बोलूच नोका. पाटल्यांचं नंतर पाहू आपण."

हे गोंधळले. पाटल्यांचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. बायका मात्र एका क्षणात समजल्या आणि अशा हसल्या की खांबावरचा होला उडून गेला.

उकंडराव हसले नाहीत. त्यांनी माझी काठी उन्हात धरून पाहिली. "पोरगी खरं बोलते," ते म्हणाले. "न विचारता घेतला तो हात चोरीचा. चोरीच्या हातावर म्या खांब रोवत नाही. खांब हायेत तेथीच राहतीन."

"अन् तुळया?" मोतीरामभाऊ म्हणाले. "त्याचं काय लोणचं घालता?"

मिस्त्री तुळईजवळ जाऊन वाकून पाहू लागले. तुळईच्या पोटात आधीच खाचा. त्यांच्या शेजारी नव्या पाडायच्या तर पोट पोखरून जाणार. खाचांना खाचा लागल्या की लाकडाचा दम जातो. सगळे तुळईभोवती उभे राहिले, मयताभोवती राहतात तसे. सहदेव खाली बसला होता, मान घालून, आपण पाडलेल्या खाचेवर बोट फिरवत. तसंच बोट फिरवता फिरवता तो म्हणाला, "काका, पालथी केली तर?"

"म्हंजे?"

"तुळई हो. पोट वर करू, पाठ खाली. पाठ कोरीच हाय. तिच्यात मंजुळाकाकूच्या हातानं नव्या खाचा पाडतो."

"अन् या वर आलेल्या?"

"त्याच्यात कड्या बसवू. कड्या नाहीतरी वरतूनच येतात. जाड जाड कड्या या खाचांत घालू, बाकीच्या मंधात. हलाचं नावच नाही घेणार."

उकंडरावांनी दोन काठ्या तुळईवर टोकाला टोक लावून ठेवल्या. पहिली खाच खालीवर एकाच जागी येत होती. "हे पाह्य. वरतून घाव अन् खालतून घाव, तुळई येथी गळा मोडन."

"थोडी सरकवू ना. लांबीले कोठी कमी हाय? कोकिळावहिनीच्या हाताची हाय ते."

काठ्या सरकवल्या. खालच्या खाचा आणि वरच्या खाचा एकमेकींना चुकवून उभ्या राहिल्या. दोन हात वेगवेगळे होते म्हणून बाकीच्या आधीच चुकलेल्या होत्या, सरकवायचं ते पहिलीपुरतं. सारखे असते तर सगळ्याच एकावर एक आल्या असत्या. उकंडरावांनी हे दोनदा मोजून पाहिलं आणि पुतण्याच्या पाठीत एक धपका घातला. रागाचा नव्हता, पण लागला असणार.

"जेवाची घाई कोणाले हाय?" त्यांनी ओरडून विचारलं.

"सगळ्याइलेच!"

"मंग थांबा. आधी खाचा."

काका एका तुळईला बसला, पुतण्या दुसरीला. टक टक टक, दोन्हीकडून. ह्यांना आत्याबाईंनी शिक्षा म्हणून तुळईवर बसवलं, ती हलू नये म्हणून. लांब पाय दोन्हीकडं सोडून, घोड्यावरच्या नवरदेवासारखे बसलेले. येणारा-जाणारा विचारून जाई, "काय गा उत्तम, वरात कोठी चालली?" तानाबाईंनी लुगडं खोचलं आणि माझ्याजवळ येऊन भाजी ढवळायला घेतली. हळूच म्हणाल्या, "त्या घरात माह्याही टाचा भरून येतात व कोकिळे. म्या कोणाले सांगत नाही." मी त्यांच्याकडं पाहिलं. खरंच, त्या तरी कुठं उंच होत्या? मोठ्यानं बोलायच्या म्हणून आम्हाला तशा वाटायच्या.

ऊन कलल्यावर तुळया पुन्हा चढल्या. पहिली जीभ बसली. मधली बसली. तिसरी अशी अलगद उतरली की उकंडरावांनी वर न पाहता नुसत्या आवाजावरून मान डोलावली. "बजरंगबली की" कुणी म्हणायच्या आधीच बायांनी गाणं उचललं.

मग माणसं भुकेनं पिसाळलेली, रोडग्यांचा वास सुटलेला, पंगत खांबांच्या मधोमध मांडलेली. भिंती नव्हत्याच, नुसते खांब आणि वर तुळया. जो तो जिथून वाट दिसेल तिथून आत घुसायला लागला. मोतीरामभाऊ तर दोन खांबांमधून थेट पत्रावळीवरच येऊन बसले.

"मोतीरामभाऊ!" आत्याबाईंचा आवाज एवढा मोठा असतो हे मला त्या दिवशी कळलं. "कोठून आले?"

"येथून."

"ते भित हाय."

मोतीरामभाऊंनी मागं वळून पाहिलं. मागं मोकळं शेत होतं.

"उठा. दारातून या."

"वहिनी, दार कोठी हाय?"

आत्याबाई पूर्वेच्या दोन खांबांमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. कमरेवर हात, पदर नीट. "हे हाय. समद्याइनं इकून याचं."

आणि गाव बाहेर गेलं. पत्रावळीवरून उठून, भिंती नसलेल्या भिंतींना वळसा घालून, पूर्वेला रांग लावून उभं राहिलं. उकंडराव सगळ्यांत पुढं. आत्याबाई एकेकाला "या, बसा" म्हणत आत घेत होत्या. तानाबाईंना त्यांनी हाताला धरून आत आणलं. शेवटी आमचे हे आले. समोर ना चौकट ना लाकूड, त्या बाजूला वर तुळईही नाही, नुसतं आभाळ. तरी आईच्या पुढ्यात आल्यावर ह्यांनी मान खाली घातली, गुडघे वाकवले, आणि जपून, अगदी जपून आत आले.

"लागलं का रे?" आत्याबाईंनी विचारलं.

"नाही माय."

"मंग बस. कोकिळे, याले वाढ."